आधी वाट, मग शर्यत

वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसतात, आणि नांदगाव खंडेश्वर त्याला अपवाद नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सैन्य भरतीतही मैलभराची दौड असते. या दोन्हींची तयारी बहुतेकदा डांबरी रस्त्याच्या कडेने, अंधारात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांत चालते. नांदगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर उत्तरेला मात्र सातपुड्याची गाविलगड रांग उभी आहे. महाराष्ट्रात डोंगरवाटांवर धावण्याची, म्हणजे ट्रेल रनिंगची, आवड गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली ती मुख्यतः पुणे, लोणावळा, सातारा या पट्ट्यात. वऱ्हाडात धावणारे पाय आहेत आणि चढायला डोंगरही आहे. मोजलेल्या, आखलेल्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या वाटांची मात्र वानवा आहे. ही उणीव बोलून दाखवली की पहिली सूचना ठरलेली असते: चिखलदऱ्याला एक मोठी शर्यत भरवा. मला हा क्रम उलटा वाटतो. शर्यत सगळ्यांत शेवटी यावी. त्याआधी वाट ठरावी, तिच्यावर कोणाचा हक्क आहे ते ठरावं, आणि या कामाची सुरुवात वाघाच्या जंगलात न होता गावच्या पांदणीपासून आणि डोंगराच्या पायथ्यापासून व्हावी.

असं म्हणण्याचं पहिलं कारण या खेळाच्या स्वभावातच आहे. रस्त्यावरच्या धावण्यात अंतर आणि वेळ एवढ्या दोन आकड्यांवर भागतं. डोंगरात अंतर फसवं असतं. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक ठोकताळा दिला होता: सपाटीवर तीन मैलांना एक तास धरा आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास मिळवा. आजच्या ट्रेल शर्यतींत याच विचाराने दर १०० मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर असा हिशेब करतात. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट नकाशावर दहा किलोमीटर दिसली, तरी शरीराला ती सतरा किलोमीटरची पडते. उतारावर दम कमी लागतो, पण मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरणं कठीण होतं. शिवाय प्रत्येक पाऊल वेगळ्या दगडावर पडत असल्याने घोटा आणि नजर दोन्ही सतत कामात असतात. असा खेळ ज्या वाटेवर खेळायचा, तिचा चढ, उतार, पाणवठे आणि बाहेर पडायच्या जागा आधी मोजलेल्या नसतील, तर धावणारा आपल्या ताकदीचा अंदाजच बांधू शकत नाही.

दुसरं कारण या डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्रीप्रमाणे गाविलगडही बेसॉल्टचाच, लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे. त्यामुळे कडा, मग सपाट पट्टा, पुन्हा कडा, अशी त्याची चढण पायऱ्यापायऱ्यांची आहे. दक्षिणेकडची बाजू पूर्णेच्या मैदानातून एकदम उठते. मैदानात शेकडो मीटर जाडीचा गाळ, त्यातलाच खारपाणपट्टा, आणि त्याला लागून ही भिंत. उत्तरेकडे मात्र डोंगर तापीच्या दिशेने हळूहळू उतरत जातो. सिपना, खापरा, गडगा अशा नद्यांनी तो चिरलेला आहे. या फरकाचा दाखला इतिहासातही आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेच्या बाजूला थांबला आणि गाविलगड किल्ल्यावर खरा मारा करण्याचं काम कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने उत्तरेकडून करायचं ठरलं. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत त्या फौजेने स्वतः रस्ता तयार करत, दऱ्याखोऱ्यांतून जड तोफा हातांनी ओढत नेल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. दक्षिणेची चढण तोफांना अशक्यच होती. आजच्या धावणाऱ्यालाही हीच दोन रूपं भेटतात: दक्षिणेला तोकडी पण छातीवरची वाट, उत्तरेला लांबलचक आणि खालीवर होणारी. वैराटचा ११७७ मीटरचा माथा ही या रांगेची सर्वांत उंच जागा. थंडी सरता सरता सागाची पानं गळतात आणि वाटेवरचे सुटे दगड त्यांच्याखाली लपतात. कुसळी गवताची कुसळं मोज्यांत घुसतात. फेब्रुवारीनंतर बहुतेक नाले कोरडे पडतात. पावसाळ्यात माथा धुक्यात असतो आणि वाटा निसरड्या. म्हणजे धावायला खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेमतेम चार.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे याच डोंगरातला मेळघाट. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जागांत मेळघाट होता. पुढे अभयारण्य झालं, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अभयारण्यात पाऊल ठेवण्यावरच मर्यादा घालतो: तिथे राहणाऱ्यांना, कामावरच्या सरकारी नोकरांना, सार्वजनिक महामार्गाने जाणाऱ्यांना मुभा, बाकीच्यांना अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी परवाना. राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक. कायदा बाजूला ठेवला तरी जंगलाचा स्वतःचा तर्क उरतोच. वाघ, बिबट आणि अस्वल यांच्या हालचालीची वेळ म्हणजे पहाट आणि संध्याकाळ. उन्हाच्या भीतीने धावणारेही नेमकी तीच वेळ निवडतात. अस्वल वाघाइतकं चर्चेत नसतं, पण माणूस एकदम समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येण्याची शक्यता जास्त. वळणावरून वेगाने, आवाज न करता येणारा धावणारा म्हणजे अस्वलाच्या दृष्टीने अचानक समोर आलेला माणूसच.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: जिप्सीतून पर्यटक रोज आत जातात, धूर आणि आवाज करतात, मग बिनधुराच्या धावणाऱ्यावरच बंदी का? याचं उत्तर असं की गाडी ठरल्या रस्त्याने, ठरल्या वेळी, मार्गदर्शकासह जाते आणि जनावरांना तिची सवय झालेली असते. पायी माणूस ही त्यांच्यासाठी वेगळीच गोष्ट आहे. शंभर-दोनशे पायी माणसं एकामागोमाग, काही तास, निरनिराळ्या वेगाने जंगलातून गेली तर तेवढा पट्टा जनावरं त्या दिवसापुरता सोडतात, आणि पाणवठा जवळ असेल तर पाण्यालाही मुकतात. त्यापेक्षा मोठं उत्तर न्यायाचं आहे. या जंगलाच्या गाभ्यातली कोरकू आदिवासींची गावं वाघासाठी बाहेर हलवली गेली आहेत. ज्या जमिनीवरून तिथेच जन्मलेल्या माणसाला निघायला सांगितलं, तिथे शहरातून आलेल्या माणसाला छातीवर नंबर लावून धावायची परवानगी मिळणं, हे कोणत्या तोंडाने समजावून सांगायचं? गाभा सोडावा हे मला धावणाऱ्यांचं नुकसान वाटत नाही. ती या खेळाची किमान सभ्यता आहे.

मग धावायचं कुठे? पहिली जागा नांदगाव खंडेश्वरसारख्या सपाट तालुक्यातही आहे, ती म्हणजे पांदण. गाव नकाशावर एका तुटक रेषेने पायमार्ग आणि दोन तुटक रेषांनी गाडीमार्ग दाखवलेला असतो. पायमार्ग साधारण सव्वाआठ फुटांचा आणि गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात. शेतात जायच्या वाटेवरून तंटा झाला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. थोडक्यात, वाट ही आपल्याकडे कागदावर नोंदलेली, कायद्याने जपलेली चीज आहे. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने प्रत्येक भागातल्या सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशावर आणल्या गेल्या आणि तिथल्या डोंगरी धावण्याला त्याचा भक्कम आधार मिळाला. आपल्याकडे नकाशा आधीपासून आहे. तो धावणाऱ्याच्या नजरेने वाचायचं तेवढं राहिलं आहे. पांदणीवर चढ नसतो, पण ओबडधोबड जमिनीवर पाय टाकायची सवय तिथे लागते, आणि भरतीच्या मुलांचे गुडघे डांबराच्या माऱ्यातून सुटतात. अडचणीही आहेत. काळ्या मातीत पावसाळाभर पाय घोट्यापर्यंत रुततो. कापूस वेचणीच्या दिवसांत बैलगाड्यांना आणि मजुरांना आधी वाट द्यावी लागते. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी तारेत बेकायदा वीज सोडलेली असते. म्हणून अंधारात धावायचं नाही आणि धुरा ओलांडून शेतात शिरायचं नाही, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून हवेत.

दुसरी जागा अमरावती आणि चांदूर रेल्वे यांच्यामधली पोहरा-मालखेडची टेकाडं. नांदगावच्या माणसाला खऱ्या चढाची ओळख इथेच होऊ शकते. हे राखीव वन आहे आणि त्यात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा वन विभागाची परवानगी, ठरावीक वाट आणि सूर्य वर आल्यानंतरची वेळ यांना पर्याय नाही. तिसरी जागा, माझ्या मते सर्वांत आशादायक, म्हणजे परतवाड्याच्या उत्तरेचा पायथा. वनहक्क कायदा, २००६ ने गावांना सामूहिक वनहक्क दिले आणि त्या जंगलाची राखण, व्यवस्था आणि वापर ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. याच भागातल्या पायविहीर गावाने उजाड वनजमिनीवर रोजगार हमीतून झाडं लावली, चराई आवरली आणि सीताफळं थेट शहराच्या बाजारात नेऊन विकली. या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. ज्या गावाने गवत कधी कापायचं आणि गुरं कुठे चारायची हे सभेत बसून ठरवलं, ते गाव धावणाऱ्यांची वाट कुठून जावी आणि कधी बंद असावी हेही ठरवू शकतं. त्याच्याशी बोलणी करणं हे दूरच्या कार्यालयात अर्ज देण्यापेक्षा सोपं नसेल, पण खरं असेल. चौथी जागा चिखलदऱ्याचा माथा आणि घाट. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटले की चिखलदऱ्याचंच नाव येतं. कर्नाटकातली मलनाड अल्ट्रा ही शर्यत कॉफीच्या खासगी मळ्यांतल्या वाटांवरून जाते. मालकाच्या संमतीने मिळालेली अशी वाट वाघाच्या वाटेत येत नाही. गाविलगड किल्ला मात्र पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे आणि अकोला जिल्ह्यातला नरनाळा अभयारण्यात. दोन्ही ठिकाणी हळू चालत जाण्यातच शोभा आहे.

सह्याद्रीचं उदाहरण इथे हमखास पुढे केलं जातं. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा तिथे होते, मग गाविलगडावर का नको? पण त्या शर्यतीच्या मागे काय उभं आहे ते पाहिलं पाहिजे. त्या तीन किल्ल्यांमधल्या वाटा शिवकाळापासून वापरात आहेत, आणि अलीकडच्या काळात गिरिभ्रमण मंडळांच्या दोन-तीन पिढ्यांनी त्या तुडवल्या आहेत. पाणी कुठे मिळतं, धुक्यात कुठे चुकायला होतं, कोणत्या वाडीत मदत मिळते, हे शर्यत सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. म्हणजे तिथेही क्रम वाटेचा आधी आणि शर्यतीचा नंतर असाच आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन हजारो लोकांना यवतेश्वरच्या घाटात धाववते, पण ती डांबरी रस्त्यावर. तिचं यश ट्रेलच्या नावावर मांडता येत नाही. वऱ्हाडात आणि त्याच्या सीमेवरही तुडवलेल्या वाटा आहेतच. सालबर्डीला महाशिवरात्रीची यात्रा भरते, बहिरमची जत्रा हिवाळ्यात दीर्घकाळ चालते, मुक्तागिरीच्या जैन मंदिरांकडे भाविक डोंगर चढतात. कोरकूंच्या वस्त्यांना बाजारगावांशी जोडणाऱ्या पायवाटा तर रोजच्याच. नवी वाट फोडण्याची हौस सोडून या जुन्या वाटांपैकी कोणत्या वापरता येतील हे विचारलं, तर झाडही तुटणार नाही आणि रस्ताही चुकणार नाही.

शर्यतीची घाई धोक्याची का, हे मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात दिसलं. १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक थंड वारा, पाऊस आणि गारपीट आली. मदत पोचणं कठीण अशा भागात २१ धावपटू गारठून मेले. वऱ्हाडात थंडी मारणार नाही, ऊन मारेल. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातही दहानंतरचं ऊन कडक असतं, कोरड्या हवेत घाम वाळून जातो आणि पाणी किती गेलं हे कळतच नाही. मेळघाटात मोबाइलची रेंज तुरळक, आणि मोठं रुग्णालय गाठायला डोंगर उतरून अचलपूर-परतवाडा किंवा अमरावती. अशा मुलखात एकटादुकटा धावणारा त्रास झाला की सावलीत बसतो. शर्यतीतला माणूस बसत नाही, कारण त्याने पैसे भरलेले असतात, वेळ धावत असतो आणि पुढचा दिसत असतो. म्हणून पाण्याच्या जागा, सुटकेचे फाटे, जीप कुठपर्यंत येते आणि तिथून रुग्णालय किती वेळाचं, हे आधी ठरलेलं असणं ही शर्यतीची पूर्वअट आहे. हे ज्ञान दोन महिन्यांत पैसे टाकून विकत घेता येत नाही. दोन-तीन हिवाळे त्याच वाटेवर लोकांनी ये-जा केल्यावर ते साठतं.

सर्वांत बोचरा आक्षेप वेगळाच आहे. मेळघाटचं नाव राज्याला कुपोषणाने ठाऊक झालं. तिथे महागड्या बुटांचा हा खेळ नेऊन काय साधणार? हा प्रश्न टाळू नये, आणि त्याला फुगवलेलं उत्तरही देऊ नये. धावण्याच्या वाटेने कुपोषण हटणार नाही. पर्यटन आलं की रोजगार येतो हे वाक्य चिखलदऱ्याने पुष्कळदा ऐकलं आहे. म्हणून दावा लहान ठेवावा: वाटेची देखभाल, खुणा, पाणी आणि दिशादर्शन ही कामं गावच्या माणसांकडेच असावीत, त्यांची मजुरी ठरलेली असावी, आणि ग्रामसभेने नाही म्हटलं तर तिथे विषय संपावा. नकाराचा हक्क नसेल तर होकाराला अर्थ राहत नाही. दुसरी बाजूही आहे. हा खेळ शहरी माणसाचाच राहील असं गृहीत का धरायचं? वऱ्हाडाचा क्रीडा इतिहास वेगळं सांगतो. अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. नांदगाव खंडेश्वरात तर एकलव्य अकादमीने ग्रामीण मुलांना धनुर्विद्या शिकवून तालुक्याचं नाव राष्ट्रीय पातळीवर नेलं. या गावाला धनुष्यबाणाची कोणती नैसर्गिक देणगी होती? मैदान, शिकवणारा आणि वर्षानुवर्षांचा सराव, एवढंच होतं. डोंगरधावण्याला तर साहित्यही कमी लागतं. चढावर वेग आपोआप कमी होतो, त्यामुळे पायांवरचा आघात घटतो आणि ताकद मात्र वाढते. भरतीच्या १,६०० मीटरसाठीही असा सराव उपयोगी. डोंगरात वाढलेल्या कोरकू मुला-मुलींना या खेळात शहरी स्पर्धकापेक्षा पुढची सुरुवात मिळाली, तर त्यात नवल नाही.

उरतो गर्दीचा आक्षेप. वाटेवर खूण केली की प्लॅस्टिक येणार, मोटरसायकली येणार, रात्रीच्या पार्ट्या येणार. न सांगितलेली वाटच सुरक्षित, असं जंगलावर प्रेम करणारी अनेक माणसं मानतात. त्यांची भीती खोटी नाही. पण न सांगितलेली वाट फार दिवस तशी राहत नाही. हल्ली मनगटावरच्या घड्याळातून कोणाचीही वाट नकाशावर जाते आणि दुसरा तिच्या मागे निघतो, मग ती अभयारण्यातून का जात असेना. अधिकृत, मोजलेली आणि हंगामापुरती उघडणारी वाट असेल तर निदान सांगता येतं की इथून जा, तिथून नको, आणि फेब्रुवारीनंतर मुळीच नको. वणव्याच्या दिवसांत वन विभाग जाळरेषा काढतो, तेव्हा माणसांची ये-जा थांबवणं सोपं जातं ते दार कुठे आहे हे ठाऊक असलं तरच. दिवसाची संख्या ठरवता येते, अस्वलाची पिल्लं दिसली तर पट्टा बंद करता येतो. लपवण्यापेक्षा नियमन बरं, हे तत्त्व अनेक बाबतीत आपण मान्य केलं आहे. डोंगराच्या बाबतीतही करायला हरकत नसावी.

या सगळ्याचा पहिला टप्पा अगदी साधा आहे आणि त्याला प्रायोजक लागत नाही. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यात शाळा-महाविद्यालयाच्या क्रीडा शिक्षकांनी गाव नकाशे काढावेत, पाच-सात किलोमीटरची पांदण निवडावी, शेतकऱ्यांशी बोलून ती एका हंगामासाठी ठरवावी. पुढच्या हिवाळ्यात त्याच मुलांना पोहऱ्याच्या टेकाडांची परवानगी मिळवून द्यावी. तिसऱ्या हिवाळ्यात सामूहिक वनहक्काच्या एखाद्या गावाने तयारी दाखवली तर तिथली एकच वाट मोजावी: चढ किती, पाणी कुठे, फाटा कुठे, जीप कुठवर. इतकं झाल्यावर कोणाला शर्यत भरवायची असेल तर खुशाल भरवावी. तोपर्यंत ती कोणत्या गटात किती माणसांना झेपेल हे सांगायला त्या वाटेची जाणकार माणसं गावातच तयार असतील. आणि शर्यत कधीच झाली नाही तरी काही बिघडत नाही. भरतीच्या मुलांना ट्रकच्या दिव्यांपासून दूर धावायला जागा मिळाली, पायथ्याच्या गावाला आपल्या जंगलाविषयीचा आणखी एक निर्णय स्वतः घेता आला, आणि मेळघाटचा गाभा होता तसा राहिला, तर वाट आखण्याचा खर्च आणि कष्ट वसूल झाले असं खुशाल समजावं.